नागपूरच्या धरमपेठेतल्या फिजिओताईंना

आदरणीय ताई,

हे पत्र दवाखान्यात आणून तुमच्या हातात देता आलं असतं. पण माझ्यासोबत मैदानावर पळणाऱ्या पोरींनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

पोलीस भरतीत आम्हा मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. एकेका गुणावर नाव यादीत येतं किंवा राहून जातं. त्यासाठी पहाटे रेशीमबाग मैदान, मधूनच सेमिनरी हिल्सचा चढ, आणि ऊन चढायच्या आत खोलीवर परत. या सगळ्यात माझ्या पोटऱ्या इतक्या आखडल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. रात्री कूस बदलली तरी जाग यायची.

आमचे सर म्हणाले, "पोलिसात जायचं अन् पोटरी दुखते म्हणून काऊन रडून राहिली? ॲसिड साचलं आहे, अजून पळ, निघून जाईल." दुसऱ्या एका ठिकाणी गेले, तर तिथे माझ्या पायाला कुणी हात लावायच्या आधीच काउंटरवरून शॉकवेव्हच्या, म्हणजे दुखऱ्या जागी मशीनने ठोके द्यायच्या उपचाराच्या, पॅकेजचा कागद पुढे आला. अर्धे पैसे आधी भरायचे म्हणे. गावाकडे आईबाबा कापूस विकून मला खोलीचं भाडं पाठवतात. तो कागद बघून माझे डोळे भरून आले. त्यात बाबांनी फोनवर बजावलं होतं, "करंट-बिरंट घेऊ नको पायात."

तुमच्याकडे आले तेव्हा हीच भीती घेऊन आले होते, आणि ती मला बोलूनही दाखवता आली नाही. तुम्ही ती ओळखलीत. काही न विचारता मशीनचा तो दांडा हातात घेतलात, बाही वर केलीत आणि आधी स्वतःच्या हातावर चालवलात. टक टक टक. मग माझा हात धरून शेजारीच टेकवलात आणि म्हणालात, "बघ, करंट नाही हा. आत हवेच्या दाबाने एक छोटा धातूचा तुकडा पुढे आपटतो, त्याचा ठोका कातडीतून आत जातो. तू थांब म्हटलं की मी थांबणार." आणि खरंच, मी नुसत्या भुवया आवळल्या तरी तुम्ही दाब कमी करत होता. ताई, इतके दिवस दुखणं माझं होतं, पण त्याबद्दल बोलत होते दुसरेच. माझ्या शब्दावर कुणी हात थांबवेल, हे मला तुमच्याकडे पहिल्यांदा कळलं.

शॉकवेव्ह हा प्रकार आधी मूतखडे फोडायला वापरला गेला, जर्मनीत म्युनिकला, १९८० साली, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि विकायला बसलेला माणूस जे कधी सांगत नाही, तेही सांगितलंत: टाचेच्या जुनाट दुखण्यात याचा उपयोग बऱ्यापैकी दिसून आलाय, व्यायामाने थकलेल्या स्नायूंच्या बाबतीत पुरावा अजून तेवढा भक्कम नाही. जास्त पळल्यानंतरचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. ते २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. ॲसिड तर तासाभरात निघून गेलेलं असतं. म्हणजे सर आम्हाला ज्याच्यासाठी अजून पळवत होते, ते पायात नव्हतंच.

मशीन लावायच्या आधी तुम्ही नडगीचं हाड अंगठ्याने वरपासून खालपर्यंत दाबून पाहिलंत. एकाच ठिकाणी कळ आली असती तर मशीन बाजूला ठेवून आधी हाडाची तपासणी करायला लावणार होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतेस का, हेही विचारलंत. मग "रात्री काय जेवतेस?" मी चहा-पोहे म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. डाळ, अंडी, झोप आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती, हे तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंत. शॉकवेव्हचं नाव या सगळ्याच्या खाली होतं.

पोटऱ्या मोकळ्या झाल्या. त्यात मशीनचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही कधी सगळं श्रेय मशीनला दिलं नाहीत. उलट मीच अजून एकदा करा म्हटलं, तर "आता गरज नाही, त्या पैशात चांगले बूट घे," म्हणालात. समोरची पोरगी घाबरलेली आहे, नाही म्हणणार नाही, हे ओळखून तिच्याकडून कमी पैसे घेणारी माणसं या शहरात आहेत. मी ते आईला सांगितलं तेव्हा तिने तुमचं नाव दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आमच्यातली एक तुमच्याकडे येतेय. तिची नडगी एकाच जागी दुखते आणि तरी ती रोज पळतेय. आमचं कुणाचं ऐकत नाही. तिला जरा रागवा, ताई.

तुमची,
रेशीमबाग मैदानावरची एक पोरगी