निळ्या पेटीतलं पत्र

फोर्ट लँगली, ब्रिटिश कोलंबिया
६ जानेवारी

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू आवाज चढवलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. जुलैत टाकलेलं पत्र जानेवारी उजाडला तरी पोचत नाही म्हणजे ते लिहिलंच नसणार, असा तुझा हिशेब. लिहिलं होतं रे. चांगलं पाच पानी. वहिनींच्या गुडघ्याला कुठलं तेल लावायचं तेसुद्धा होतं त्यात. ते कुठं गेलं ते सांगायला लागलो तर तुला खोकल्याची उबळ आली आणि फोन तुटला. म्हणून आता बैजवार लिहितो. पण त्यासाठी आधी तुला इथल्या नाताळी सिनेमाची कथा ऐकावी लागेल. वहिनींना चहा टाकायला सांग आणि बस.

तर इथं नाताळाचे सिनेमे अशी एक वेगळीच जात आहे. थेटरात न लागणारे, टीव्हीसाठीच काढलेले. यातलं मोठं घराणं म्हणजे हॉलमार्क. मूळचा धंदा शुभेच्छापत्रं छापण्याचा, गाव अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, दुकान १९१० सालचं. २००१ साली त्यांनी स्वतःची वाहिनी काढली आणि २००९ पासून नाताळाची उलटी मोजणी म्हणून या सिनेमांचा रतीबच लावला. आता आपली दिवाळी येते न येते तोच यांचा नाताळ सुरू झालेला असतो. २०१९ साली एका हंगामात ४० नवे सिनेमे दाखवले त्यांनी. चाळीस! मग दुसऱ्या वाहिन्या कशाला मागं राहतात?

चाळीसही सिनेमांची गोष्ट मात्र एकच. पोरगी मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. तिचा सुटाबुटातला मित्र सारखा फोनवर. आजीची बेकरी नाहीतर खानावळ बंद पडायला आली म्हणून पोरगी गावाकडं येते. तिथं चौकड्याचा शर्ट घातलेला एक सुतार भेटतो, बहुतेक वेळा बिजवर, पदरात एक शहाणी पोर. झाडाला दिवे लावताना पोरगी शिडीवरून घसरते ती नेमकी त्याच्या हातात. बिस्किटं करताना नाकाला पीठ लागतं. चुंबन आता होणार, एवढ्यात कोणीतरी दार उघडतं. संपायला पंधरा-वीस मिनिटं राहिली की गैरसमज होतो, पोरगी बॅग भरते. मग परत येते. बर्फ पडायला लागतो आणि एकदाचं ते चुंबन उरकतं. जाहिराती धरून दोन तास, वगळल्या तर जेमतेम दीड.

यात सावकार नाही, जप्ती नाही, कुणाला दमा नाही. आपल्या वेळच्या तमाशापटातही पाटील, सावकार, नाची आणि शेवटी मारामारी हे ठरलेलंच असायचं, पण निदान कुणाच्या तरी पोटाला चिमटा बसायचा. इथलं सगळं भांडण एका वाक्यात मिटण्यासारखं असतं आणि ते वाक्य कोणी बोलत नाही म्हणून सिनेमा चालतो. माझ्या बाजूनं एवढी तक्रार नोंदवून ठेव. दुसरी तक्रार म्हणजे, हे लोक दीड तास बिस्किटं भाजतात, पण खाताना कोणी दिसत नाही.

आमच्या घरात यावर प्रत्येकाचं मत वेगळं. चिरंजीवांना बेकरीचा हिशेब पटत नाही. दिवसाला सहा गिऱ्हाईकं, तेवढ्यात भाडं कोण भरतं, नोकराचा पगार कुठून निघतो, असं ते पडद्याकडं बघून मोठ्यानं विचारतात आणि तरी उठून जात नाहीत. नातवानं आणि त्याच्या मित्रांनी चौकोन आखून तंबोला केलाय. शिडीवरून पडणं, पिठाचं नाक, नायिकेचं नाव नाताळावरून ठेवलेलं, असं एकेक दिसलं की फुली मारायची. त्यातला एक चौकोन आहे ‘रिकामा कप’. एकदा कळलं की त्यावरून नजर हटत नाही बघ. नायक-नायिका रस्त्यातून कॉफी पीत चालतात ना, तो कागदी कप रिकामा असतो. हातवारे करताना उलटा होतो तरी थेंब सांडत नाही. आपल्या पोस्टातला शिपाईसुद्धा ट्रेमधून पाच चहा आणताना याच्यापेक्षा खरा अभिनय करायचा.

सूनबाईचं मत तेवढं मला पटलं. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, पाळी संपवून येते तेव्हा डोळे मिटत असतात. सिनेमा लावते आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसते. मी म्हटलं, अगं यात बघायचं काय? ती म्हणाली, बाबा, मधेच उठून कुकर लावून आलं तरी काही बुडत नाही, आणि कुणाचा रिपोर्ट वाईट येत नाही. यावर मी काय बोलणार? पण तीच पोरगी चिडतेही. बरीच वर्षं यात जवळजवळ सगळी माणसं गोरीच असायची, तेही लग्न ठरणार ते पोराचं नि पोरीचंच. २०१९ च्या डिसेंबरात हॉलमार्कनं दोन नवऱ्या मुली एकमेकींचं चुंबन घेतात अशी जाहिरात एका गटाच्या तक्रारीवरून काढून टाकली. त्यावर दुसऱ्या बाजूनं एवढा गिल्ला झाला की दोनचार दिवसांत माफी मागून ती जाहिरात पुन्हा लावायची तयारी दाखवावी लागली. तीन वर्षांनी, २०२२ ला, नायकच दुसऱ्या पुरुषाच्या प्रेमात पडतो असा सिनेमाही त्यांनी काढला. शिडी, बिस्किटं नि बर्फ होतंच म्हणे त्यात.

बघणाऱ्यांची चेष्टाही होते. नेटफ्लिक्सनं २०१७ साली एका राजपुत्राचा असलाच नाताळपट काढला आणि मग ट्विटरवर जाहीर केलं की गेले १८ दिवस रोजच्या रोज हाच सिनेमा बघणारे ५३ लोक आहेत, तुम्हाला एवढं दुखावलं तरी कोणी? काही जण हसले. बाकीचे उखडले, की आम्ही काय बघतो ते तुम्ही मोजत बसता होय? मला विचारशील तर ते ५३ लोक मला ओळखीचे वाटले. का ते सांगतो.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहते. वय ऐंशीच्या पुढं, एकटी, पायरीवर पांढरा कठडा असलेलं जुनं लाकडी घर. तिचं या सिनेमांबद्दलचं मत ऐकशील तर कान झाकशील. शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तसे थापतात, असं आपल्याकडं म्हटलं असतं, त्याचं तिच्या भाषेतलं काहीतरी ती म्हणते. आणि तरी एकही चुकवत नाही! कारण असं की हे सिनेमे घडतात अमेरिकेत, व्हरमाँटला नाहीतर मेनला, पण चित्रित होतात पुष्कळसे आमच्या या ब्रिटिश कोलंबियात. सरकार करात सवलत देतं, कॅनडाचा डॉलर स्वस्त पडतो, कसबी माणसं व्हँकुव्हरला हाताशी आहेत. आणि आमचं फोर्ट लँगली म्हणजे तिथून तासाभरावर, फ्रेझर नदीकाठी, जुनी दुकानं, नीटनेटका एक रस्ता. नाताळाचं गाव म्हणून जणू घडवूनच ठेवलेलं. म्हातारी वही घेऊन बसते. तिच्या घराची पायरी आजवर व्हरमाँटमध्ये तीनदा, मेनमध्ये दोनदा आणि कनेटिकटमध्ये एकदा दिसली आहे. तारीख, सिनेमाचं नाव, किती सेकंद, सगळी नोंद. पायरी येऊन गेली की ती टीव्ही बंद करते. पुढं त्या दोघांचं काय झालं ते तिला एकदाही माहीत नाही.

आता जुलैकडं येऊ. मी मेमध्ये आलो, गाव अजून अंगवळणी पडायचं होतं. एके दिवशी दारात चिठ्ठी आली की अमुक तारखांना रस्ता बंद, सिनेमाचं काम आहे. कंपनी कुठलीतरी होती, जाऊ दे. दुसऱ्या दिवशी बघतो तर चौकात नाताळ. बाहेर ऊन अठ्ठावीस अंश आणि हिरवळीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, त्यावर कागदाचा भुगा फुंकणारं यंत्र. खांबांवर अमेरिकेचे झेंडे, मोटारींना व्हरमाँटच्या पाट्या. नायिका लोकरी कोटात, तिच्या मागं एक पोरगा हातात छोटा पंखा घेऊन पळतोय, घाम फुटला की तोंडावर वारा घालतोय. कोटाची बटणं मात्र ती एवढ्या बर्फात लावत नाही. पंधरा दिवसांत अख्खा सिनेमा उरकतात हे लोक, म्हणून कुणाला सवड म्हणून नाही. तो कागदी बर्फ उडून म्हातारीच्या टोमॅटोवर बसला. तिनं तक्रार केली तर त्यांनी फुलांची परडी पाठवली. म्हातारीनं टोमॅटो धुऊन सहा मला दिले, फुलं पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती फुलंही शूटिंगमध्ये आली, म्हणून ती परत खूश.

आणि याच गोंधळात तुझं पत्र. मी पहाटे सहाला फिरायला निघालो, खिशात पाकीट, त्यावर रीतसर तिकिटं. चौकात टपालपेटी दिसली. निळी, गोल माथ्याची, अंगावर गरुड. आता आपल्याकडं मोठ्या शहरात मेट्रोच्या टपालाला निळी, स्थानिकला हिरवी अशा पेट्या असतात की नाही? मला वाटलं, ही परदेशी टपालाची असणार. पत्र आत सोडलं. पडताना ठक्क असा पोकळ आवाज आला. चौतीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाला त्या आवाजावरून तरी कळायला हवं होतं, कारण कामाच्या पेटीत पत्र पत्रावर पडतं. पण चालायच्या नादात होतो.

संध्याकाळी म्हातारीला सहज बोललो. ती माझ्याकडं बघतच राहिली. कॅनडाची पेटी लाल असते म्हणाली. निळी अमेरिकेची, तीही शोभेची, सिनेमावाल्यांनी आणलेली. धावत गेलो तर चौक मोकळा. चादरी गेल्या, झेंडे गेले, पेटी गेली. म्हातारीनं चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. सामान गोदामात गेलंय, बघतो म्हणाले. अजून बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तुला फोनवर सांगायची हिंमत होईना. हेड पोस्टात सॉर्टर होतो म्हणून मिरवणारा दिनू, आणि पत्र टाकलं नाटकाच्या पेटीत.

डिसेंबरात तो सिनेमा लागला. म्हातारीनं मला मुद्दाम बोलावलं. सूनबाई आणि नातूही आले. म्हातारीची वही मांडीवर, नातवाचा तंबोला हातात. विसाव्या मिनिटाला तिची पायरी आली, टोमॅटो पांढऱ्या चादरीखाली झाकलेले, फुलांची परडी कोपऱ्यात. तिनं वेळ टिपली, टीव्ही बंद करायला हात नेला आणि थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, तुझं अजून यायचंय.

बाळू, तेव्हा मला तुझा सर्जा आठवला. आपण सातवीत होतो, पन्हाळ्याच्या पायथ्याला शूटिंग होतं आणि आबांनी बैलगाडी दिली होती भाड्यानं. पुढं पिक्चर उमाला लागला तेव्हा अख्खी गल्ली गेली. नायक कोण होता सांग बघू? मला आठवत नाही, तुलाही आठवणार नाही. कुणीतरी कुणाला तरी मारत होतं आणि मागून गाडी गेली. डाव्या अंगाला सर्जा, शिंगाला लाल गोंडा. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपलं, पण थेटरात आपण केवढ्यानं ओरडलो! आबा पाच वेळा गेले त्या पिक्चरला, आणि पाचही वेळा गाडी गेली की उठून बाहेर येऊन बिडी ओढत बसायचे.

शेवटाला बर्फ सुरू झाला. चौक, दिवे, गाण्याची धून. कोटाची बटणं उघडी ठेवून ती पळत आली, तो चौकड्याच्या शर्टात उभा. आणि त्याच्या खांद्यामागं, स्वच्छ दिसेल अशी, निळी पेटी. नातवानं शेवटची फुली मारून ओरडायला सुरुवात केली. म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. चुंबन किती वेळ चाललं ते सूनबाईला विचार, मी पेटीच्या फटीकडं बघत होतो. एकदा तर वाटलं पाकिटाचा कोपरा दिसतोय. म्हातारीनं वहीत नवी ओळ घातली: डीनूचं पत्र, व्हरमाँट, अकरा सेकंद.

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकत नाही. इथले एक जण वीस तारखेला कोल्हापूरला येतायत, त्यांच्या हाती देतोय. गुडघ्याच्या तेलाचं मागच्या बाजूला परत लिहिलंय. वहिनींना म्हणावं, कोमट करून लावायचं, कढत नाही.

तुझा,
दिनू