म्हापशाच्या बाजारातल्या बूट शिवणाऱ्या मामांना

मामा, तुमचं नाव मला ठाऊक नाही. परतीचा पाऊस कोसळत होता, शुक्रवारच्या बाजाराची आवराआवर चालली होती, तेव्हा जुन्या धाटणीचे चामडी बूट घेऊन धावत आलेली ती मी. पहाटे मोपाहून विमान, पुढे अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन ही खोल दरी. आणि दमट हवेने एका बुटाचा तळ अर्धा सुटलेला. बाकी सगळ्यांनी 'नवे घ्या' सांगितलं होतं.

तुम्ही बांधलेली पेटी पुन्हा उघडलीत. नुसतं चिकटवून दिलं असतं तरी चाललं असतं. पण 'उन्हात गोंद टिकत नाही, बाय' म्हणत तुम्ही दोऱ्याला मेण लावलंत आणि आरीने अख्खा तळ शिवलात. मग न मागता दुसरा बूटही. काकी छत्री धरून उभ्या होत्या, ती बुटांवर. त्या स्वतः भिजत होत्या. पैसे मात्र एकाच बुटाचे घेतलेत. वर मेणाचा दोरा आणि जाड सुई कागदात बांधून दिलीत.

दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेने मी हवासुपाई गार्डन्स या टप्प्यापर्यंत गेले. सात किलोमीटरहून जास्त वाट, नऊशे मीटरहून अधिक उतार, आणि तेवढंच परत चढायचं. अंगात खाकी विजार आणि सैल सुती सदरा. तो भिजवून घातला की त्या कोरड्या हवेत फार गार वाटतं. तुमचा एकही टाका सुटला नाही.

तुमचा दोराही कामी आला. वाटेत एका आजींच्या पाठपिशवीचा पट्टा तुटला होता, तो त्याने शिवला. मनापासून आभार, मामा. काकींनाही सांगा.