शेजारच्या बंद वाड्याबाबत: पाडण्याच्या अर्जाआधी कागद पाहावेत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, सातारा

विषय: पश्चिमेकडील बंद वाडा, लागून असलेली भिंत आणि आपल्या जागेचे राहिलेले अभिहस्तांतरण (जागेची मालकी संस्थेच्या नावे करून घेणे)

महोदय,

शेजारचा वाडा धोकादायक ठरवून पाडून घ्यावा, असा अर्ज नगरपालिकेला देण्याचा ठराव समितीने केल्याचे इतिवृत्तात वाचले. भिंत आपल्या पार्किंगकडे कलली आहे आणि तिच्या सावलीत मुले खेळतात, त्यामुळे समितीची काळजी रास्त आहे. पण अर्ज आहे तसा गेला तर येते दोन पावसाळे काहीच हलणार नाही, आणि हललेच तर आपले नुकसान वाढेल. म्हणून हे सविस्तर लिहितो.

धोकादायक इमारतीची नोटीस महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५च्या कलम १९५खाली निघते आणि ती मालकाला किंवा भोगवटादाराला द्यावी लागते. वाड्यात भोगवटादार कोणी नाही. मालक कोण, हे पाहायला मिळकत पत्रिका (जागेच्या मालकीची सरकारी नोंद) काढली, तर तिच्यावर एकच नाव आहे आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे गृहस्थ हयात नाहीत. त्यांच्यानंतर एकही वारस नोंद नाही. अशा वेळी नोटीस मयताच्या नावे निघते, दिंडी दरवाजावर चिकटते आणि पहिल्या वळवाच्या सरीत गळून पडते. घरपट्टी ज्यांच्या नावे येते त्यांना आपण मालक समजतो, तेही चूक आहे. घरपट्टीचे नाव कर वसुलीसाठी असते, त्याने मालकी ठरत नाही.

ए.कु.मॅ. या तीन अक्षरांनी साताऱ्याच्या पेठांमधले किती वाडे अडकवले आहेत! त्या नोंदीचा अर्थ असा, की हा माणूस सगळ्यांच्या वतीने नाव लावून आहे. पुढच्या पिढीत त्याच्या घरच्यांना वाटते वाडा आपलाच, आणि बाकीच्यांना वाटते तो आपल्याला फसवतो आहे. दोन्ही बाजू मनापासून तसेच मानतात, म्हणून बोलणे थांबते. हिश्श्यांचा सरळ हिशोब करून पाहा: मूळ पुरुषाला पाच मुले, प्रत्येकाला चार आणि त्या प्रत्येकाला तीन, म्हणजे तिसऱ्या पिढीला साठ नावे. चार हजार चौरस फुटांच्या वाड्यात एकाच्या वाट्याला सुमारे ६७ चौरस फूट, म्हणजे एक न्हाणीघर येते. न्हाणीघराएवढ्या हिश्श्यासाठी आख्ख्या छपराची कौले कोण बदलील? जो बदलील त्याला खर्च परत मिळण्याची खात्री नाही, आणि त्याला बदलू दिली तर त्याचा ताबा मान्य केल्यासारखे होईल, अशी इतरांना भीती वाटते.

लेकींचा प्रश्न यात सर्वांत जास्त दडवला जातो. हिंदू वारसा कायदा १९५६च्या कलम २३प्रमाणे, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगे करीपर्यंत मुलींना मागताच येत नव्हती. ९ सप्टेंबर २००५पासून हे कलम गेले आणि मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची हक्काची हिस्सेदार ठरली. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही. शेजारच्या वाड्याचे असे वाटणीपत्र झाले होते का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची २चा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घेतल्यावर कळेल. तो शोध हा पहिला खर्च, आणि तो अगदी किरकोळ आहे.

आता भिंतीबद्दल. आज सातारच्या पेठांत उभे असलेले जुने वाडे ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप सोसून उभे आहेत. मजल्याचा भार सागवानी खांब आणि तुळयांवर असतो, खांब दगडी तळखड्यावर टेकलेला असतो, आणि सांधे थोडे हलले तरी तुटत नाहीत. असा वाडा पडतो तो छपरातून. माकडांनी किंवा वाऱ्याने आढ्यावरची चार कौले सरकतात. पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. ही भिंत दिसायला एकसंध असली तरी ती दोन तोंडांची असते: बाहेर एक थर, आत एक थर, मधे दगडमातीची भर. पाणी भरीत मुरले की माती फुगते, खाली बसते आणि बाहेरचे तोंड ढकलते. त्यालाच आपण भिंतीला पोट आले म्हणतो. त्याच वेळी तुळईचे भिंतीत गाडलेले टोक कुजू लागते, कारण तिथे हवा पोचत नाही. वरून खांब ठणठणीत दिसतो आणि कडीपाट, म्हणजे लाकडी तक्तपोशी, एके दिवशी खाली येतो. वाड्यात चूल पेटती असती तर धुराने कीड रोखली असती आणि गळके कौल त्याच दिवशी दिसले असते. बंद घरात गळती कळायलाच चार वर्षे जातात.

यात आपलाही वाटा आहे, तो कबूल करावा लागेल. आपण पार्किंगला काँक्रीट केले तेव्हा जमीन वाड्याच्या जोत्यापेक्षा उंच झाली आणि उतार त्या भिंतीकडे ठेवला. गच्चीच्या दोन पन्हळी नळांचे तोंड तिच्या पायाशीच सुटते. शिवाय मागच्या रंगकामात भिंतीच्या आपल्या बाजूला सिमेंटचा गिलावा केला. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते, सिमेंट ती बंद करते आणि ओल वर चढते. गिलाव्याचे पापुद्रे सुटलेत ते त्यामुळे. नळ वळवणे आणि भिंतीलगत दीड-दोन फूट रुंद गटार काढून उतार उलटा करणे हे आपल्या हद्दीतले काम आहे. त्याला वारसांची परवानगी लागत नाही. गिलावा मात्र ठोकून काढू नये, सुटलेला तेवढाच हाताने उतरवावा, नाहीतर धक्क्याने पोट फुटेल.

कल मोजायला अभियंत्याची वाट पाहायची गरज नाही. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा, दर तीन फुटांवर दोरी आणि भिंत यांतले अंतर लिहा, आणि हेच दर पंधरवड्याला त्याच खुणांवर करा. भेगांवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख घाला, तडकली तर हालचाल चालू आहे. भिंत दोन फूट जाड आहे. कल जाडीच्या सहाव्या हिश्श्यापुढे, म्हणजे चार इंचांपुढे गेला तर टेकू लावल्याशिवाय पावसाळा काढू नये, असे माझे मत आहे. तोवर भिंतीच्या उंचीएवढे अंतर सोडून बॅरिकेड घालून घ्यावे. पोटाच्या खाली उगवलेला पिंपळ ओढून काढायचा नाही. मुळे भरीत गेली आहेत, ओढले की दगड सुटतील. बुंधा कापून त्यावर झाड मारणारे औषध लावायचे आणि मुळे आतल्या आत वाळू द्यायची.

पाडापाडीचा धोका समितीने लक्षात घेतलेला दिसत नाही. ही भिंत आपल्या कंपाउंडच्या पायाला लागून आहे. वाडा यंत्राने एका दिवसात खाली घेतला तर आपल्या बाजूच्या मातीचा आधार जाईल. पाडायचेच झाले तर छपरापासून सुरुवात करून थराथराने हाताने, आणि लागून असलेली भिंत जोत्याच्या वर दोन-तीन फूट ठेवून, अशी लेखी अट हवी. शिवाय वाडा पडला म्हणून वाद संपत नाही. रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांवर भाडेकरूंचा दावा आहे, आणि इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा निकाल आहे. मोकळ्या झालेल्या जागेवर साठ वारस, दोन भाडेकरू आणि ढीगभर कचरा राहील. सागवानी लाकूड, घडीव दगड आणि चौकाची जोती मात्र कायमची गेलेली असतील. मला हा वाडा हवा आहे. शेजारी म्हणून आणि सातारकर म्हणूनही.

मग करायचे काय? नगरपालिकेला अर्ज द्यावाच, पण मागणी बदलून. कलम १९५ दुरुस्ती आणि सुरक्षित करण्यालाही लागू आहे. तेव्हा टेकू, छपरावर ताडपत्री आणि बॅरिकेड मागावे, मालकांनी न केल्यास नगरपालिकेने करून खर्च त्यांच्याकडून वसूल करावा, असे लिहावे. त्याबरोबर वारसांपैकी जे साताऱ्यात आहेत त्यांना एकत्र बोलवावे. सहहिस्सेदारांपैकी कोणालाही मिळकत वाचवण्यापुरती आवश्यक दुरुस्ती करता येते आणि खर्च वाटणीत मागता येतो. त्यासाठी पावत्या आणि तारखेसह फोटो ठेवावेत, आणि इतरांना आधी पत्राने कळवावे. त्यांच्यापैकी एकाच्या लेखी संमतीशिवाय आपल्या कोणी कुलूप उघडू नये, कितीही चांगल्या हेतूने असले तरी. पाखाचा (छपराच्या उतरत्या बाजूचा) गळका भाग साधारण तीनशे चौरस फूट दिसतो. शंभर चौरस फुटाला सुमारे दीडशे मंगलोरी कौले धरली तर साडेचारशे कौले, रिपा आणि दोन गवंडी-सुतारांचे आठवडाभराचे काम आहे.

कागदांची वाट त्यांना दाखवून द्यावी लागेल, कारण बहुतेक घरे पहिल्याच पायरीवर चुकतात. वारस नोंदीचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात करायचा. मृत्यू दाखला, वंशावळ, सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि पत्रिकेची प्रत जोडायची. प्रतिज्ञापत्रातून लग्न झालेल्या बहिणी वगळल्या जातात, मग हरकत येते, नोंद तक्रारी होते आणि वर्षे जातात. दुसरी चूक: घरासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र काढायला धावतात. ते येणी आणि शेअर, ठेवी यांसाठी असते. घराच्या बाबतीत वारसपणाचा वाद असेल तर १८२७च्या आठव्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला घ्यायचा. मृत्युपत्र असेल तर सातारच्या मिळकतीला प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचे नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

ज्यांना हिस्सा नको त्यांनी हक्कसोडपत्र करावे. वडिलोपार्जित मिळकतीत रक्ताच्या नात्यात त्याचे मुद्रांक शुल्क अगदी कमी आहे, पण ते नोंदणीकृतच हवे. नोटरीपुढे स्टॅम्प पेपरवर केलेल्या हक्कसोडीने पत्रिकेवरचे नाव कमी होत नाही. परदेशातल्या वारसाचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा.

एकमत झालेच नाही तर वाटणीचा दावा. तिथे सर्वांत मोठी अडचण अशी, की प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरतात आणि प्रकरण तिथेच झोपते. अंतिम हुकूमनाम्यासाठी कोर्ट कमिशनर नेमून घ्यावा लागतो, ते कोणी मागतच नाही. वाडा साठ तुकड्यांत विभागता येत नाही हे उघड आहे. अशा वेळी १८९३च्या वाटणी कायद्याच्या कलम २खाली, निम्मे किंवा अधिक हिस्सा असलेल्यांनी मागणी केल्यास न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते, आणि कलम ३प्रमाणे उरलेल्यांना न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला ते हिस्से विकत घेता येतात. वाडा राखू पाहणाऱ्या एखाद्या घराला हा मार्ग खरा उपयोगी आहे. दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत जावे. तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. भांडून दमलेल्या भावंडांना अपील नसणे हीच मोठी सुटका वाटेल.

शेवटी आपल्या घरचे. आपली इमारत ज्या वाड्याच्या जागेवर उभी आहे, त्या जागेच्या पत्रिकेवर आजही मूळ जमीनमालकांचीच नावे आहेत. अभिहस्तांतरण झालेले नाही. ते मालक गेले की त्यांचे वारस वाढत जातील आणि पुनर्विकासाच्या वेळी आपण त्यांना शोधत फिरू. मोफा, म्हणजे सदनिका मालकी कायदा १९६३च्या कलम ११खाली मानीव (मालकाने करून न दिल्यास सरकारी आदेशाने होणाऱ्या) अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, त्याला मालकांची संमती लागत नाही, फक्त नोटीस लागते. ते हयात आहेत तोवर नोटीस पोचेल. वारस अज्ञात झाले की वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशींची पाळी येते.

नामनिर्देशनाची वहीही तपासावी. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३प्रमाणे नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सदस्य होते, मालक वारसच. किती सदनिका मयत सभासदांच्या नावे आहेत, ते सचिवांनी सभेपुढे ठेवावे.

येत्या सभेत तीन ठराव मांडावेत, ही विनंती: पालिकेच्या अर्जातील मागणी बदलणे, नळ व उताराचे काम मृगाआधी पुरे करणे, आणि मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज दाखल करणे. सूची २चा शोध आणि वारसांच्या बैठकीचे पत्र तयार करायला मी मदत करीन. ओळंब्याच्या खुणा रविवारी सकाळी करू, समितीपैकी दोघांनी यावे.

आपला,
एक सभासद