दुधाचा चहा थर्मासात भरू नकोस

नागपूर,
दि. १४ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोचले. गोंदियाच्या बदलीविषयी दोन ओळी आणि थर्मासविषयी अख्खे पान, हे प्रमाण पाहून आमच्या घरी सगळे हसले. सकाळी साडेसहाला भरलेला चहा अकराच्या सुमारास कोमट निघतो, वर त्याला वास येतो, आणि पैसे पाण्यात गेले, असे तू लिहितोस. मोजणीच्या कामात माझे एकोणीस हिवाळे काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतून गेले आहेत; त्या अनुभवावर सांगतो, की दोष बहुधा थर्मासचा नाही, भरणाऱ्याचा आहे.

तरी आधी एक खात्री करून घे. त्यात उकळते पाणी भरून बूच लाव आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरव. अंग गरम लागले, तर दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली आहे असे समज; असा थर्मास दुरुस्त होत नाही, तो दुकानदाराला परत कर. गळ्यापाशी मात्र थोडे उबदार लागणारच, कारण आतली आणि बाहेरची भिंत तिथेच एकमेकींना जोडलेली असते. उष्णता पळते ती मुख्यतः त्या गळ्यातून आणि बुचातून. म्हणूनच अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो: आत साठवलेली उष्णता निम्मी, पण पळवाट तेवढीच. तू एक लिटरचा घेऊन त्यात चार कप चहा नेतोस आणि दर तासाला बूच उघडतोस. त्यापेक्षा अर्ध्या लिटरचे दोन ने, दोन्ही काठोकाठ भर आणि दुसरा दुपारपर्यंत उघडूच नकोस.

भरण्यापूर्वी उकळत्या पाण्याने थर्मास पाच मिनिटे तापवून घे. याने फरक तीन-चार अंशांचाच पडतो, परंतु खरी फसवणूक पेल्यात होते, हे मला फार उशिरा कळले. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तो दिवस तुला आठवत असेल. त्या सकाळी मी काटोलजवळच्या एका बांधावर उभा होतो. बूच उघडताच वाफेने चष्मा धूसर झाला, इतका चहा कढत होता; पण जीपच्या बॉनेटवर रात्रभर राहिलेल्या स्टीलच्या जाड पेल्यात ओतला आणि दुसऱ्या घोटाला तो मेला. घरी येऊन मी थर्मासला बोल लावला. तेव्हापासून थर्मासचे झाकणच पेला म्हणून वापरतो. ते घोटभर गरम पाण्याने विसळले की झाले.

आता वासाविषयी. बुचाखालचा रबरी वायसर टाचणीने उचलून बघ. त्याच्या खाचेत सायीची पिवळट-काळी रेघ दिसेल. वास तिथे राहतो, बाटलीत नव्हे. वायसर वेगळा धुऊन वाळव. बाटलीत गरम पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून, बूच न लावता, रात्रभर ठेव. आणि रिकामा थर्मास कधीही बंद करून फळीवर ठेवू नकोस.

तथापि मूळ कारण दूध हेच आहे. दुधाचा चहा तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात. साठ अंशांच्या खाली उतरलेले दूध म्हणजे त्यांना आयतेच विरजण. मी गवती चहा आणि आले घालून, पत्ती गाळून, कोरा चहाच भरतो. पत्ती आत राहिली तर तो कडवट होतो. दुधाशिवाय तुझे चालत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून दूध पावडरची पुडी खिशात ठेव. दुसऱ्या थर्मासात मुगाचे पातळ कढण ने. ते मात्र नीट गाळून घे, नाहीतर डाळीचा कण बुचात अडकतो आणि सगळे दप्तर भिजते. माझी एका सर्व्हे नंबरची कच्ची टिपणे अशीच पिवळी झाली होती.

गंमत अशी, की हे भांडे मुळात गरम ठेवण्यासाठी नव्हतेच. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये लंडनला ते बनवले ते द्रवरूप केलेले वायू थंड राहावेत म्हणून. त्याने पेटंट घेतले नाही आणि धंदा पुढे जर्मनांनी केला. तेव्हा मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर गेला की, याच थर्मासात बर्फ घालून पन्हे ने. वास पूर्ण गेलेला असला पाहिजे, एवढीच अट.

सीताबर्डीवर तुझ्या मापाचे दोन वायसर मिळाले, ते या पाकिटात आहेत. जुना टाकून दे, धुऊन वापरायचा मोह नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मनोहर