स्टुटगार्टजवळ शिकणाऱ्या लेकीस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, फोक्सवागन ३५ हजार जागा कमी करणार आहे, आमच्या वर्कशॉपमध्येही कुजबूज चालू आहे. मी चुकीच्या देशात आले का?" मी लगेच "नाही" म्हणालो. पण तुझ्या आवाजातली काळजी एका शब्दाने जाण्यासारखी नव्हती, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती बातमी नीट समजून घे. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. जागा २०३० पर्यंत कमी व्हायच्या आहेत, पण कुणाला सक्तीने काढून नाही. लोक निवृत्त होतील, काही पैसे घेऊन स्वखुशीने जातील. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगारांच्या कंपनीत, कारभारावर नजर ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना असतात. भोसरीत सकाळच्या पाळीला आलेल्या माणसांनी गेटवर टाळं पाहिलेलं मला आठवतं. त्यामुळे या कायद्याचं मोल मला फार वाटतं. तुमच्याकडे शिकाऊ मुलांचे प्रतिनिधी असतात, त्यांच्या बैठका चुकवू नकोस.

संकट मात्र खरं आहे. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही आणि गिअरबॉक्सही साधा. म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्ह, इंजेक्टर करणाऱ्या सगळ्या साखळीचं काम जातं. गिअरबॉक्ससाठी नावाजलेल्या झेडएफने २०२४ मध्येच जर्मनीतल्या १४ हजारांपर्यंत जागा कमी करायचं जाहीर केलं. त्यात जो चीन या गाड्यांचं मोठं गिऱ्हाईक होता, तो आता स्वतःच चांगल्या गाड्या बनवतो.

दुसरा घाव गॅसचा. २०२१ पर्यंत आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियातून येत होता. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि २०२२ मध्ये तो आटला. याचा मार कुठे बसला हे पाहायचं तर ऱ्हाईनकाठच्या लुडविग्सहाफेनला बघ. तिथे बीएएसएफचा अवाढव्य रासायनिक कारखाना आहे. १८९७ मध्ये याच कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बघता बघता आपल्या बिहार-बंगालमधला निळीचा व्यापार बसला. पुढे १९१३ मध्ये शेजारच्या ओपाऊत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायला सुरुवात झाली, आणि खतांचं सगळं गणित बदललं. या उद्योगाला गॅस नुसता जाळायला लागत नाही, तो कच्चा मालही आहे. म्हणून भाव चढताच, २०२३ मध्ये, तिथला अमोनियाचा एक प्लांट बंद करायचं ठरलं. जगाला खत कसं करायचं हे जिथून कळलं, तिथेच ही वेळ आली. मला हे वाचून वाईट वाटलं.

पण सोनू, जर्मनी म्हणजे गाड्यांवरची चार बोधचिन्हं नव्हेत. तिथलं बळ लहान गावांत आहे. तुटलिंगन घे. डॅन्यूबकाठचं छोटं गाव, पण शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे शेकडो कारखाने तिथे आणि आसपास आहेत. तुझ्यापासून जवळ असलेल्या डिट्सिंगनमध्ये ट्रुम्फ लेझर बनवते. ओबरकोखेनला झाइस आरसे बनवते. संगणक-मोबाइलच्या सगळ्यात बारीक चिपा ज्या यंत्रावर छापल्या जातात, ते यंत्र नेदरलँड्समधली एएसएमएल जोडते. जगात दुसरं कुणी ते करत नाही. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने पडतात, आणि प्रत्येक थेंबावर ट्रुम्फचा लेझर अचूक बसतो. त्यातून जो प्रकाश निघतो, तो झाइसच्या आरशांवरून चिपेपर्यंत जातो. टूलरूममध्ये आम्ही एका मायक्रॉनसाठी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागासाठी, जीव काढायचो; तिथे हिशोब मायक्रॉनच्या कितीतरी खाली चालतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

हे कसब कॉलेजात तयार होत नाही. ते तू करते आहेस त्यातूनच येतं: आठवड्याचे एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस यंत्रावर, आणि शेवटी चेंबरची, म्हणजे उद्योगमंडळाची परीक्षा, जी सगळ्या कारखान्यांत मानली जाते. म्हणून तुझी कंपनी उद्या इंजिनचे भाग करायची थांबली, तरी तुझा हात रिकामा राहणार नाही. मिलिंग, ग्राइंडिंग, मोजमाप हे शस्त्रक्रियेच्या हत्यारालाही लागतं आणि लेझरच्या यंत्रालाही.

तेव्हा पुढच्या फेरीत विभाग निवडायला मिळाला तर मोजमापाचा माग. असेंब्लीत मैत्रिणी आहेत हे मला माहीत आहे, पण त्यांची गाठ जेवणाच्या सुट्टीतही पडेल. थ्री-डी मोजणीचं यंत्र चालवायला शीक, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, स्वतः वाच, आणि एखादा जॉब रिजेक्ट झाला तर का झाला हे तुझ्या मास्टरला विचारल्याशिवाय घरी जाऊ नकोस. मोजमापाच्या खोलीत ते यंत्र कुठल्या कंपनीचं आहे, तेवढं मला कळव.

आईने मेतकूट आणि भाजणी पाठवली आहे.

तुझे,
बाबा