झाडाचा हिशेब मागायचा कुणाकडे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इकोसिया या झाडं लावणाऱ्या सर्च इंजिनावरचा लेख वाचला. ‘एक शोध, एक झाड’ हे त्याचं शीर्षक साफ चूक आहे. त्या शीर्षकामुळे माझा सातवीतला नातू मोबाइल घेऊन ओट्यावर बसला आणि ‘आंबा’, ‘आंबा’ असं शोधत राहिला. जेवायला हाक मारली तर म्हणतो, “आबा, ५२ झाडं झाली, १०० करून उठतो.” त्याला खरं काय ते सांगताना माझ्या जिवावर आलं.

इकोसिया ही बर्लिनची कंपनी, क्रिस्टियान क्रोल यांनी २००९ साली सुरू केलेली. नुसत्या शोधाने तिला काही मिळत नाही. निकालांसोबत येणाऱ्या जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की पैसे मिळतात, त्यातून झाडं लागतात. सगळ्या शोधांची सरासरी काढून साधारण ४५ शोधांमागे एक झाड, असं कंपनीच बरीच वर्षं सांगत आली. पोराने जाहिरात एकदाही उघडली नव्हती. बरं, झाडासाठी म्हणून उगाच जाहिराती दाबत बसणं ही तर जाहिरात देणाऱ्याची फसवणूक झाली. हे लेखात सांगायला नको होतं का?

आणि जे खरोखर सांगण्यासारखं होतं तेच सुटलं. ही कंपनी दर महिन्याला हिशेब उघड करते. किती कमावले, झाडांवर किती गेले, कुणीही वाचावं. २०१८ साली तर मालकांनी अशी कायदेशीर व्यवस्था करून टाकली की कंपनी विकता येत नाही आणि नफा स्वतःच्या खिशात घालता येत नाही.

मला हे लागतं, कारण आमच्या शिवारातल्या ५०० झाडांचा हिशेब मला अजून मिळालेला नाही. चार वर्षांपूर्वी एका सरकारी योजनेतून टेकडीवर लागवड झाली. फोटो निघाले, पाटी लागली. रोपं गुलमोहर आणि निलगिरीची. मुरमात टिकणारा आपला अंजन कुणाला आठवला नाही. तो आधी मूळ खोल सोडतो, पहिली काही वर्षं वर वाढलेला दिसतच नाही. दिवाळीनंतर टँकर बंद झाला. मग आम्ही नवरा-बायको सायकलला कॅन बांधून ३० रोपांना पाणी घालायला लागलो, भोवती बाभळीचे काटे रोवले. एप्रिलात विहिरीने तळ गाठला. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पोळ्याला मोजली तर १९ उभी होती, सगळी काट्यांतली. बाकीची उन्हाने आणि शेळ्यांनी नेली. त्या कार्यालयात मी तीन चकरा मारल्या. खर्च किती, जगली किती, एवढंच विचारलं. ‘लागवडीचं उद्दिष्ट पूर्ण’ हेच उत्तर तिन्ही वेळा. पाटीवर आजही ५०० आहेत.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, जंगल राखलं. ४०० हेक्टरांहून जास्त जंगल परत उभं राहिलं. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बर्लिनला अख्खं पान दिलंत, त्याच पानावर आपल्या धुळे जिल्ह्यातल्या या गावाला चार ओळी द्यायच्या होत्या.

आणखी एक. आमच्या गावात तुमचा अंक आठवड्यातून दोनदा तरी दुसऱ्या दिवशी येतो. एजंटाला विचारलं तर तो एसटीकडे बोट दाखवतो. कृपया लक्ष घालावं.

शीर्षकाची दुरुस्ती मात्र त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. नातू ती वाचणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. पारोळा, जि. जळगाव