नवरंग वाचवणाऱ्या काकांना

श्री. काका यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गेटवर तुम्ही अकरा वर्षं होतात. गेल्या दिवाळीनंतर कायमचे गावी गेलात आणि तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर उभं राहून मानले असते तर "त्यात काय एवढं, ताई" म्हणत तुम्ही रजिस्टर उघडून बसला असतात. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. नातीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि मधलं काही गाळू नको म्हणावं.

जूनचा पहिला आठवडा होता. आभाळ भरलेलं, पाऊस अजून यायचा होता. सकाळी सातच्या सुमारास जिन्याच्या काचेवर धप्प आवाज झाला. मी दार उघडलं तर जिन्याच्या वळणावर मुठीएवढा पक्षी पडलेला, डोळे अर्धवट मिटलेले. असा पक्षी मी जन्मात पाहिला नव्हता. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, गळा पांढरा, पोट हळदीसारखं पिवळट आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. डोळ्यावरून काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई. मी घाबरून चमच्याने त्याच्या चोचीत पाणी घालायला गेले.

तुम्ही खालून धावत आलात. "ताई, पाणी नको. श्वासात जाईल, मरेल." एवढंच बोललात. एका वाक्यात तुम्ही त्याचा जीव वाचवलात, हे मला पुढे वाचून-विचारून कळलं.

मग बुटांचा रिकामा खोका मागवलात, पेनाने भोकं पाडलीत, तळाशी जुना सुती पंचा घातलात आणि दोन्ही तळहातांत पक्षी उचलून आत ठेवलात. खोका मीटरच्या खोलीत, अंधारात. दाराशी स्टूल टाकून तुम्ही स्वतः बसलात, कारण मांजर फिरत होती. मुलं फोटोसाठी किती मागे लागली, पण तुम्ही झाकण उचलू दिलं नाहीत. "त्याला आपली तोंडं दाखवू नका, त्याला अंधार द्या." काही खायला देऊया का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही नुसती मान हलवलीत.

दोन तासांनी खोका मागच्या बदामाखाली नेऊन झाकण काढलंत आणि पाच-सहा पावलं मागे सरलात. आम्हालाही सरकवलंत. पक्षी आधी खोक्याच्या काठावर आला. पाय गुलाबी. तीन बोटं पुढे, एक मागे, पुठ्ठ्याची कड घट्ट आवळलेली. "धरलंन. आता काळजी नाही," असं तुम्ही कुजबुजलात. तिथून तो खालच्या फांदीवर गेला. उडताना पंखात पांढरा ठिपका लखकन चमकला. संध्याकाळी सहाला कुंपणामागच्या झाडीतून दोन सुरांची शीळ आली, व्हीट-टिऊ, आणि तुम्ही रजिस्टरवरून मान वर केलीत. तुमचा त्या वेळचा चेहरा मला अजून आठवतो.

हा नवरंग, हे तुम्हीच सांगितलंत. हिवाळा दक्षिण भारतात नि श्रीलंकेत काढायचा आणि पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे, आपल्या सह्याद्रीत, मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी, पिल्लं काढायला यायचं. प्रवास रात्रीचा. शहराचे दिवे त्याला भुलवतात, काचा तर त्याला दिसतच नाहीत. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण तो पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलतो. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे घड्याळ नव्हतं तेव्हाही तो याच वेळेला बोलायचा."

पण खरे आभार मानायचे आहेत ते पुढच्या वर्षाचे. मिरगाच्या आधी तुम्ही रजा काढलीत आणि मला माणगावच्या बाजूला, तुमच्या गावी घेऊन गेलात. वाडीमागच्या पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याच्या काठी, ऐन-किंजळांच्या सावलीत, पहाटे साडेपाचला बसवलंत. मी मोबाइलमध्ये नवरंगाची शीळ शोधून ठेवली होती. लावली की पक्षी जवळ येतो, असं ऐकलं होतं. तुम्ही माझा हात धरून फोन खिशात ठेवायला लावलात. तुमचे शब्द होते, "तो समजतो, दुसरा कोणी हद्दीत आला. मग घरटं सोडून भांडायला येतो. आपल्या हौसेपायी त्याला का दमवायचं?" मोठमोठे कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांनाही हे कुणी सांगत नाही, काका. तुम्ही सांगितलंत.

अर्धा तास काहीच दिसलं नाही, डास तेवढे चावले. मग पाचोळ्यात खसखस झाली. नवरंग टुणटुण उड्या मारत आला, चोचीने एकेक सुकं पान उलटत. एका पानाखाली गांडूळ सापडलं. ते ओढताना तो मागे रेलला, आखूड शेपूट वरखाली झाली. मग एका दगडावर चढला, मान मागे टाकली आणि शीळ घातली. माझ्यापासून दहा हातांवर. एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कसा निघतो, हे मला आजही उमगलेलं नाही.

परतताना तुम्ही वाडीचा एक कोपरा दाखवलात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, सगळीकडचा पाला गोळा होतो, पण पऱ्याकडच्या त्या तुकड्यातला पाला तुमच्या घरातलं कुणीच उचलत नाही. "पाला नाही तर किडे नाहीत, किडे नाहीत तर तो कशाला येईल?" तुमच्या वडिलांनी राखलेला तो कोपरा तुम्ही मुंबईत राहूनही सुटू दिला नाहीत. गावातल्या वणव्याच्या वेळी तुम्ही फोनवर फोन करून तेवढा पट्टा वाचवायला लावला होतात, हे मला काकूंनी सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत.

तुमच्या त्या सकाळीमुळे आमच्या जिन्याच्या काचांवर आता आतून पट्ट्या लावल्या आहेत, आणि मे-जूनमध्ये गच्चीवरचा मोठा दिवा रात्री बंद असतो. सोसायटीच्या सभेत हा ठराव मांडताना मी तुमचं नाव घेतलं. एकानेही हात खाली ठेवला नाही.

काका, मनापासून आभार. त्या पक्ष्याच्या वतीनेही.

यंदा मिरगाच्या आठवड्यात येते आहे. लेकीलाही आणते. तिला आत्ताच बजावून ठेवलंय, पऱ्याकाठी बसल्यावर पहिला अर्धा तास अवाक्षर काढायचं नाही. काकूंना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची ताई